परमुलखात रुजलेली श्रद्धा

धर्मकार्यासाठी परमुलखात जाणारा तरुण बहुधा पंचविशी-तिशीतला असतो. घर सोडताना त्याच्याजवळ शिकून घेतलेले धर्मशास्त्र असते आणि आपल्याला बोलावणे आले आहे, अशी खात्री असते. शास्त्र गुरूंनी दिलेले असते. खात्रीलाही घराण्याचा, चर्चचा किंवा संघाचा आधार असतो. स्वतःची म्हणावी अशी श्रद्धा त्याला पुढे मिळते. ती मिळते ती ज्यांना शिकवायला तो गेला, त्यांच्याच वस्तीत. प्रचारकाच्या यशाचा हिशेब सहसा त्याने किती माणसे वळवली यावरून मांडला जातो. त्या माणसांनी त्याला किती वळवले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे आणि तो फारसा विचारला जात नाही. भंडारा जिल्हा आणि त्याला लागून असलेला नागपूर-मंडल्याचा प्रदेश या प्रश्नासाठी फार चांगला आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत स्कॉटलंड, इंग्लंड आणि जपानमधून आलेल्या तरुणांनी इथे आयुष्य घालवले, आणि त्यांतील काहींच्या मनाचा प्रवास पुरेसा नोंदला गेला आहे.

स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या फेब्रुवारीत कामठीला पोहोचला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. त्याच्या श्रद्धेमागे एक ताजी घटना होती. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. पाद्री नेमण्यात जमीनदारांचा आणि सरकारचा हात नको, या एका मुद्द्यावर साडेचारशेहून अधिक पाद्र्यांनी पगार आणि राहती घरे सोडून फ्री चर्च स्थापन केले. तत्त्वासाठी पोटावर पाय येऊ देणाऱ्या मंडळींमध्ये हिस्लॉप वाढला. मद्रास फौजेतल्या विल्यम हिल या अधिकाऱ्याच्या देणगीमुळे नागपूरचे मिशन शक्य झाले होते. मुंबईत जॉन विल्सन यांनी या नवख्याला आणि त्याच्या पत्नीला वाटेला लावले.

तेव्हा नागपूरला भोसल्यांचे राज्य होते आणि भंडारा त्या राज्याचा भाग होता. परक्या पाद्र्याला इंग्रज छावणीच्या कामठीत संरक्षण होते. शहरात आणि खेड्यांत तसे नव्हते. या प्रदेशात मिशनरी टिकतो की नाही, हेही अनिश्चित होते. त्याच्या थोडे आधी गोसनेर मिशनचे काही जर्मन तरुण अमरकंटकाजवळ करंजिया इथे गोंडांमध्ये वस्ती करायला गेले होते आणि काही महिन्यांतच त्यांतले चौघे साथीत दगावले. हिस्लॉप मराठी शिकला, त्याने शाळा काढल्या, हिवाळ्यात तंबू घेऊन तो गावोगाव हिंडला. एवढ्या खटपटीतून बाप्तिस्मे झाले ते अगदी मोजके. मायदेशी पाठवायच्या अहवालात आकडे मागितले जात आणि आकडे दाखवण्यासारखे नव्हते.

अशा कोरड्या वर्षांत तरुण प्रचारकाचे दोनपैकी एक होते. तो कडवट होतो आणि लोकांना दोष देऊ लागतो, नाहीतर लोकांकडे आणि भूमीकडे नीट पाहू लागतो. हिस्लॉपने पाहायला सुरुवात केली. १८५१ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला नागपूरजवळ टाकळीच्या परिसरात काळ्या खडकांच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. दोघांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला आणि मध्य भारताच्या भूशास्त्राचा पाया घालणाऱ्या कामांत तो मोडतो. सृष्टीचा अभ्यास हा ईश्वराच्या कर्तृत्वाचाच अभ्यास, अशी फ्री चर्चमधल्या अनेकांची धारणा होती. ह्यू मिलरसारखा नामवंत भूशास्त्रज्ञ त्याच चर्चचा कैवारी होता. त्यामुळे जीवाश्मांनी हिस्लॉपच्या श्रद्धेला धक्का दिला नाही. आपण ज्या भूमीवर उभे आहोत तिला आपल्या आगमनाच्या कितीतरी आधीचा इतिहास आहे, ही जाण मात्र त्यांनी दिली, आणि प्रचारकाला तिची फार गरज असते.

त्याहून मोठे काम गोंडांविषयीचे. एका परधान गायकाच्या तोंडून गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची कथा त्याने मूळ गोंडीत उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे भाट. त्यांच्या गायनात गोंडांची उत्पत्ती, गुहेत कोंडलेल्या पूर्वजांची सुटका, गोत्रांची विभागणी, लग्नाचे नियम असे सारे येते. हिस्लॉपच्या धर्मशास्त्राप्रमाणे ही कथा चुकीची होती. ती त्याने टाकून दिली नाही, सोयीची करून लिहिली नाही. जशी गायली गेली तशी जपली. कच्च्या श्रद्धेला दुसऱ्याच्या पुराणाची भीती वाटते. अठरा वर्षांच्या वास्तव्यात हिस्लॉपची ती भीती गेली होती, असे त्याच्या टिपणांवरून म्हणता येते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पाण्याच्या लोंढ्यात तो बुडाला. शेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्याची विस्कळीत टिपणे १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाने चालते. पण परधानाच्या तोंडचे ते गीत हेच त्याचे सर्वांत टिकाऊ स्मारक म्हणावे लागेल.

त्याच्या पश्चात स्कॉटिश मिशनने १८८० च्या दशकात भंडारा गावात ठाणे उघडले. दवाखाना, अनाथ मुलांची सोय, शाळा असे त्याचे स्वरूप होते. ख्रिस्ती वस्ती जिल्ह्यात कधीच मोठी झाली नाही. धर्मांतरासाठी उभारलेली संस्था हळूहळू सेवेसाठी चालू लागते, हा अनुभव भंडाऱ्यापुरता नाही. याउलट, १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत कवी नारायण वामन टिळकांना एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. ती गाडी त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यातूनच जात असे. दोन वर्षांनी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या साऱ्या संस्थांनी या पट्ट्यात जे साधले नाही ते एका अनोळखी माणसाच्या गप्पांनी साधले, यातही प्रचाराच्या यंत्रणेविषयी बरेच काही सांगितले गेले आहे.

हिस्लॉपची श्रद्धा चर्चच्या आत राहून रुंदावली. व्हेरियर एल्विनची तशी राहिली नाही. १९०२ मध्ये जन्मलेला हा बिशपचा मुलगा ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकून १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. भारतीय पद्धतीने राहायचे, भारतीय साधनामार्ग समजून घ्यायचे, असा जॅक विन्सलो यांनी काढलेल्या त्या संघाचा संकल्प होता. साबरमतीला गांधींची भेट झाली आणि एल्विन राष्ट्रीय चळवळीकडे ओढला गेला. १९३२ मध्ये तो शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सहकाऱ्याबरोबर गोंडांमध्ये राहायला गेला. गाव तेच, करंजिया, जिथे नव्वद वर्षांपूर्वी ते जर्मन तरुण दगावले होते. नागपूरच्या बिशपांनी धर्मकार्याचा परवाना देण्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विनने ती नाकारली. गोंडांना ख्रिस्ती करण्याची इच्छाही त्याच्यात उरली नाही आणि १९३५ मध्ये त्याने चर्च सोडले.

चर्चच्या दृष्टीने ही हार होती. एल्विनच्या आत्मचरित्रातही ती सुटका आणि दुःख अशी दोन्ही वाटते. तिला श्रद्धेची वाढ म्हणायचे का? अर्ध्या अर्थाने म्हणता येईल. गरिबांमध्ये जाऊन राहणे, त्यांच्या दुखण्यात हजर असणे, हा ख्रिस्ताच्या शिकवणीचा जो गाभा घेऊन तो निघाला होता तो त्याने सोडला नाही. त्याच्याभोवतीचे सिद्धान्त गळून पडले. पण लोकांमध्ये राहिल्याने माणूस आपोआप शहाणा होतो असेही नाही. १९४० मध्ये एल्विनने एका किशोरवयीन गोंड मुलीशी लग्न केले आणि ते पुढे मोडले. ज्यांच्यासाठी आलो त्यांच्यातल्याच एका दुबळ्या जिवावर आपली सत्ता चालते, याचे भान त्या निर्णयात दिसत नाही. जवळीक आणि अधिकार यांची अशी गल्लत परदेशी प्रचारकाच्या आयुष्यात नेहमी संभवते. हिवाळे यांचे काम त्या मानाने अबोल आणि निर्मळ राहिले. दवाखाने, शाळा आणि संसार सांभाळत त्यांनी परधानांवर जो ग्रंथ लिहिला तो १९४६ मध्ये आला. हिस्लॉपला लिंगोची कथा ऐकवणारे ते परधानच. मराठी वाचकाला एल्विन ठाऊक असतो. हिवाळे फारसे ठाऊक नसतात, याची खंत वाटायला हवी.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या प्रदेशातल्या धर्मकार्याची दिशाच बदलली. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांचा पराभव केला. राजकीय मार्गाची मर्यादा दिसून आलेल्या या काळानंतर दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांना दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. ते किशोरवयात भारतात आले आणि कुशीनगरला राहून म्हातारे झाले होते. म्हणजे त्या ऐतिहासिक दिवशी व्यासपीठावर बसलेले भिक्खूही लहान वयात परमुलखात आलेले धर्मसेवकच होते.

त्याच चंद्रमणींकडून १९४९ मध्ये कुशीनगरला एका इंग्रज तरुणाने श्रामणेर दीक्षा घेतली होती. डेनिस लिंगवुड हे त्याचे मूळ नाव, दीक्षेनंतरचे संघरक्षित. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून तो पूर्वेकडे आला आणि युद्ध संपल्यावर लगेच परत गेला नाही. कालिम्पोंगला राहून तो ग्रंथ वाचत होता, कविता करत होता, नियतकालिक चालवत होता. बाबासाहेबांशी त्याच्या भेटी झाल्या होत्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी तो नागपूरला पोहोचला. वय एकतीस. पोहोचून फार वेळ झाला नव्हता तोच दिल्लीहून बातमी आली, बाबासाहेब गेले.

धर्मांतराला आठ आठवडेही झाले नव्हते. ज्या माणसाच्या शब्दावर लोकांनी देव सोडले, तोच गेला होता. त्या संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर प्रचंड जनसमुदाय जमला. कार्यकर्त्यांना बोलता येईना. हुंदके आवरत नव्हते. संघरक्षित इंग्रजीत बोलले, त्याचे मराठी करून सांगितले गेले. पुढचे तीन-चार दिवस ते वस्त्यावस्त्यांमधून फिरत राहिले आणि त्यांनी तिसाहून अधिक भाषणे केली. बाबासाहेब गेले तरी त्यांचे काम गेलेले नाही, धम्म तुमच्या हातात आहे, हाच सगळ्यांचा गाभा. पुढे त्यांनी लिहून ठेवले आहे की त्या दिवसांत आपण एक व्यक्ती म्हणून वावरत नव्हतो, आपल्यातून एखादी व्यक्तिनिरपेक्ष शक्ती काम करीत होती असे वाटत होते.

हा अनुभव नीट पाहण्यासारखा आहे. संघरक्षितांकडे पाली ग्रंथांचे ज्ञान होते, ध्यान होते, सात वर्षांचे चीवर होते. समोरच्या माणसांना त्रिशरण पाठ होऊन दोन महिने झालेले नव्हते. तरीही बुद्धाला शरण जाणे म्हणजे आयुष्याची दिशा पालटणे, हे त्या माणसांच्या चेहऱ्यावर त्यांना दिसले. गावाचा बहिष्कार, हातचे काम जाण्याची भीती, नातलगांची नाराजी हे सगळे समोर ठेवून ही माणसे शरण गेली होती. भिक्खू असणे दुय्यम, शरण जाणे मुख्य, हा विचार पुढे संघरक्षितांच्या शिकवणीचा कणा झाला. आपल्या शरणगमनाचा इतिहास सांगताना आंबेडकरी दीक्षेचा वाटा त्यांनी स्वतः मान्य केला. त्यानंतर अनेक हिवाळ्यांत ते महाराष्ट्रातल्या नवबौद्ध वस्त्यांमध्ये हिंडले. १९६४ मध्ये इंग्लंडला परतल्यावर १९६७ मध्ये त्यांनी जो संघ स्थापला त्यात गृहस्थ आणि भिक्खू ही उतरंड नव्हती. लंडनमधल्या त्या संघाच्या घडणीत नागपूरच्या वस्त्यांचा वाटा आहे. त्यांच्या उत्तरायुष्यातल्या वर्तनावर त्यांच्याच संघातून गंभीर आक्षेप आले आणि ते बाजूला ठेवता येणार नाहीत. १९५६ च्या त्या चार दिवसांत लोकांना मिळालेला आधार मात्र खरा होता. त्यांचे तरुण इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये नेमके दीक्षेच्या वर्धापनदिनी नागपूरला येऊन पोहोचले, तो जनसागर पाहून त्यांच्याही आयुष्याने वळण घेतले आणि पुढच्याच वर्षी ते कामासाठी पुण्यात स्थायिक झाले.

जपानहून आलेल्या सुरेई ससाई यांची गोष्ट याहून खडतर आहे. १९३५ मध्ये ओकायामा प्रांतात जन्म. तरुणपण निराशेत गेले. आयुष्य संपवण्याचे विचार आणि प्रयत्नही त्यात होते, असे त्यांनीच सांगितले आहे. यामानाशी प्रांतातल्या दाइझेन-जी मंदिरात आसरा मिळाला आणि ते भिक्खू झाले. पुढे थायलंड, आणि तिथून १९६० च्या दशकात भारत. राजगीरला निचिदात्सु फुजी यांच्या विश्वशांती स्तूपाचे काम चालू होते. तिथे ते राबले. परत जाण्याची वेळ जवळ आली तेव्हा नागार्जुनाने दर्शन देऊन नागपूरकडे जाण्याची आज्ञा केली, असे ते सांगत. १९६८ च्या सुमारास ते नागपूरला आले. ओळखीचे कोणी नव्हते. दीक्षा सोहळ्याच्या संयोजनात पुढे असलेले वामनराव गोडबोले भेटले, आणि बाबासाहेब आंबेडकर कोण होते हे ससाईंना तेव्हा कळले.

दर्शनावर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दर्शनाने ससाईंना नागपूरपर्यंत आणले, एवढे निश्चित. तिथे त्यांना धरून ठेवले ते इंदोरा या वस्तीने. ते आले तेव्हा त्यांच्याजवळ जपानी परंपरेचे मंत्र आणि विधी होते. वस्तीला हवे होते लग्न, नामकरण, अंत्यविधी करणारे भंते. पोरांना शाळेत पाठवा, दारू सोडा असे हक्काने सांगणारा माणूस. आणि बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मानणारा साधू. ससाईंनी मोडकीतोडकी हिंदी शिकून घेतली, विदर्भाचा उन्हाळा सोसला आणि गावोगाव फिरून दीक्षा दिल्या. जपानमध्ये धर्म बहुतांशी मृतांच्या क्रियाकर्माशी बांधला गेला आहे, ही त्यांची तक्रार होती; इथे तो अपमानित माणसाला ताठ उभे करताना त्यांना दिसला. व्हिसाची मुदत संपल्यावर कारवाई झाली तेव्हा लोकांनी सह्या गोळा केल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. आर्य नागार्जुन हे नाव त्यांनी घेतले. १९९२ पासून बोधगयेचे महाबोधी विहार बौद्धांच्या ताब्यात यावे म्हणून त्यांनी आंदोलन उभारले आणि पुढे दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे अध्यक्षपदही सांभाळले.

नागार्जुनावरच्या भक्तीतूनच त्यांनी रामटेकजवळ मनसरच्या उत्खननाला चालना दिली. तिथले अवशेष नागार्जुनाशी जोडलेले आहेत, असा त्यांचा ठाम विश्वास. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या प्रवरपुराशी आणि शैव मंदिराशी त्यांचा संबंध लावणाऱ्या अभ्यासकांची बाजू पुराव्याने अधिक भक्कम वाटते. भक्ती माणसाला खणायला लावते. काय सापडले हे ठरवण्याचे काम तिचे नाही. हिस्लॉपचे शिंपले आणि ससाईंचे मनसर शेजारी ठेवले की हा फरक स्पष्ट होतो.

भंडारा जिल्ह्यात मात्र भक्तीला पुराव्याची उणीव नाही. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची हरदोलाला टेकडी या दोन्हींच्या पोटात स्तूप निघाले. हरदोलाला टेकडीखालच्या स्तूपाचा व्यास एक्केचाळीस मीटरच्या वर आहे, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही अधिक. शिलास्तंभांवर ब्राह्मी अक्षरांत दानलेख आहेत. एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव कोरले आहे. तिसऱ्या संगीतीनंतर महाधम्मरक्खित नावाचा थेर महारट्ठात पाठवला गेला, असे महावंस सांगतो. तो पवनीला आला होता असे म्हणायला आधार नाही. पण वर्षावासापुरते थांबणारे आणि पुन्हा वाटेला लागणारे भिक्खू इथे आले आणि गावाने त्यांच्यासाठी दगड कोरून घेतला, हे त्या लेखांवरून दिसते. शेतकरी, व्यापारी आणि गृहिणी यांच्या दानाशिवाय असा स्तूप उभा राहत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीही प्रचारक आणि गाव एकमेकांना घडवत होते.

या पवनीच्या जवळच रुयाड गावी आज महासमाधीभूमी महास्तूप उभा आहे. तो उभारणारे भदंत संघरत्न मानके यांचा प्रवास वरच्या सगळ्यांच्या उलट दिशेने झाला. विदर्भातल्या बौद्ध घरातला हा मुलगा बालवयातच जपानला गेला आणि क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई परंपरेत भिक्खू म्हणून घडला. सैचो यांनी ७८८ मध्ये स्थापलेले ते विद्यापीठवजा तीर्थ शिस्तीसाठी प्रसिद्ध आहे. बारा वर्षे डोंगर न उतरण्याचे व्रत तिथे सांगितले जाते. नव्या भाषेत, थंडीत, आईवडिलांपासून दूर वाढलेला मुलगा तरुणपणी मायदेशी परतला तेव्हा त्याच्यासाठी परमुलूख कोणता, हे सांगणे सोपे नव्हते. त्याची साधना जपानी होती आणि माणसे बावीस प्रतिज्ञांची. पञ्ञा मेत्ता संघाच्या रूपाने त्यांनी दोन्ही एकत्र नांदवले. धानाच्या शेतांमधल्या त्या स्तूपाजवळ दरवर्षी फेब्रुवारीत धम्म महोत्सव भरतो. जपानी भिक्खू येतात, त्यांच्या पद्धतीने सूत्रपठण करतात. गावोगावचे उपासक पांढऱ्या वस्त्रांत येतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि बाबासाहेबांचा जयघोष करतात. आलेल्यांमध्ये नुकतीच दीक्षा घेतलेले जपानी तरुणही असतात. त्यांना शिकवायला इथे खेडुतांची एक सबंध पिढी बसलेली आहे.